उजेडातली खाच

काका, तेवढे दिव्याच्या समोरून उठा आणि इकडे बाजूला, माझ्यासमोर बसा. सतरंजी घेऊन सरका. हां, तिथे ठीक आहे. आत्या चहा देईल, पण उंबऱ्याबाहेरूनच देईल. ती आता या खोलीत पाऊल टाकत नाही.

तुम्ही काष्टीहून इतक्या लांब भेटायला आलात आणि दारातच म्हणालात, "नशीबवान मानूस. रतनबाईनं संगं नेला." सगळे तेच म्हणतात. सगळ्या मिरजगावात तेच चाललंय, काय जोडा होता, एकाच्या दहाव्याआधी दुसरा गेला. मी मान डोलावते, कारण लोक चांगल्या मनाने बोलतात. पण तुम्ही अण्णांचे लहानपणचे दोस्त, आणि लाइट यायला अजून वेळ आहे. म्हणून तुम्हाला खरं काय झालं ते सांगते. नाही पटलं तर शिकून पोरीचं डोकं फिरलं म्हणा. तसंच असेल तर मला फार बरं वाटेल.

आई गेली त्या दिवशी मी तुमच्या काष्टीतच होते. तिथल्या शाळेत मुलांना उजेड फोडून दाखवायला गेले होते. बुटाच्या खोक्याएवढी माझी एक पेटी आहे. तिच्या नळीचं तोंड उजेडाकडे धरलं की उजेड आत जाऊन फुटतो आणि लॅपटॉपवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पट्टा दिसतो. मुलांना इंद्रधनुष्य पाळल्यासारखं वाटतं. फोन आला तशी पेटी गाडीत टाकली आणि सरळ वस्तीवर आले. आले तेव्हा आईला अंघोळ घालून झाली होती.

ती याच कोपऱ्यात गेली. रीतीप्रमाणे आत्याने तिथे गव्हाचं पीठ पसरलं, वर मातीचा दिवा ठेवला, वात दक्षिणेला केली, आणि त्या रात्री खोलीत कुणी जायचं नाही म्हणून दार ओढून घेतलं. सकाळी दार उघडलं तर पिठावर पाखराच्या पायांचे तीन-चार ठसे उमटलेले. आत्याने पदर डोळ्यांना लावला. "सुटली गं माजी वयनी. पाखरू होऊन गेली." मी मनात म्हटलं, खिडकी उघडी, पीठ उघडं, चिमणी येणार नाही तर काय होईल. पण ते ठसे लक्षात ठेवा, काका.

दहाव्यापर्यंत दिवा विझू द्यायचा नसतो. अण्णांनी आपली खाट दिव्यासमोर टाकली आणि सांगून टाकलं, "तेल मी घालनार. तिला अंधाराचं भ्या हुतं." छातीत पेसमेकर बसवलेला माणूस, दोन पावलं चालला की दम लागायचा, पण या बाबतीत कुणाचं ऐकेना. आई गेली होती, आणि आता घरात उरलेलं एवढं एकच माणूस होतं ज्याने मला 'निके' म्हणून हाक मारावी.

एका संध्याकाळी लाइट गेल्यावर त्यांनी विचारलं, "निके, तू पुन्यात नेमकं करती काय? लोक इचारत्यात, मी सांगतो चांदन्या मोजती."

मला हसू आलं. या घरात तीन दिवसांत पहिल्यांदाच कुणी हसलं असेल. मी सांगितलं, फार लांबच्या दीर्घिकांच्या पोटात एकेक अवाढव्य कृष्णविवर असतं. त्यात पडणारा वायू तापून असा काही पेटतो की त्याचा उजेड अब्जावधी वर्षं चालत आपल्यापर्यंत येतो. त्याला क्वेसार म्हणतात. त्याच कृष्णविवराजवळून वारा सुटतो, वायूचा, सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने. तो वारा दिसत नाही. पण तो उजेडाच्या आणि आपल्या मधे आला की उजेडाच्या पट्ट्यातला एक तुकडा खातो. तिथे काळी खाच पडते. खाच जांभळ्या टोकाकडे सरकलेली असली, तर वारा आपल्या दिशेने येतोय. जितकी जास्त सरकलेली, तितका वेग जास्त. आम्ही त्याच क्वेसारचा उजेड काही वर्षांनी पुन्हा घेतो आणि बघतो की खाच सरकली का, खोल झाली का, की नाहीशी झाली.

अण्णांनी विचार केला. "म्हंजी वारं दिसत न्हाई, त्यानं कुरतडलेलं दिसतं. कनगीतल्या उंदरावानी."

"तसंच."

"मग याला लाव की तुजं यंत्र." त्यांनी दिव्याकडे बोट केलं. "बघू, तुज्या आईच्या दिव्यात काय दिसतंय."

तेलाच्या दिव्यात काही दिसायला नको, काका. सलग गुळगुळीत पट्टा, आणि मधे मिठाच्या कणाने उठणारी एक पिवळी रेघ. पोरंसोरं पहिल्या दिवशी शिकतात ते. मी नळीचं तोंड अण्णांच्या उशाशी टेकवून दिव्याकडे धरलं. पट्टा आला. पिवळी रेघ आली. आणि तिच्या शेजारी, हिरव्याच्या अंगाला, एक बारीक काळी खाच होती.

मला वाटलं, नळीत कचरा असेल. पुसली. मोबाईलचा टॉर्च दिव्यापाशी धरून पाहिला, टॉर्चचा पट्टा स्वच्छ. पुन्हा दिव्याकडे नळी धरली, खाच जागच्या जागी. अण्णांना म्हटलं, यंत्र जुनं झालंय. ते म्हणाले, "व्हय, मालकासारकं," आणि कूस बदलून झोपले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी गुपचूप पुन्हा बघितलं. खाच रुंद झाली होती, आणि हिरव्याकडे आणखी सरकली होती. माझ्या कामात अशी खाच दिसली की आम्ही एकमेकांना फोन करतो, चहा मागवतो. वायूचा वेग वाढतोय, असा त्याचा अर्थ. दिव्याच्या आणि अण्णांच्या मधे काहीतरी होतं आणि ते अण्णांच्या दिशेने येत होतं.

मी हिशोब केला. नसता केला तर बरं झालं असतं. त्या खाचेवरून जो वेग निघत होता, त्या वेगाने निघालेलं काहीही मिनिटाच्या आत चंद्र ओलांडून जाईल. दुपारच्या जेवणाला निघालं तर संध्याकाळच्या चहाला सूर्यापाशी असेल. आणि इथे दिवा ते खाट अंतर किती, तर तुमची ही काठी आडवी टाकली तर पोहोचेल. कालपासून ते या वेगाने येत होतं आणि अजून पोहोचलं नव्हतं. मग ते कुठून निघालं असेल? त्या दोन हातांच्या जागेत आत केवढं अंतर असेल? मी लॅपटॉप मिटला.

सकाळी खोली झाडायच्या निमित्ताने मी अण्णांची खाट खिडकीच्या भिंतीला लावली. संध्याकाळी नळी आधी जुन्या जागी धरली. उजेड स्वच्छ. माझा जीव भांड्यात पडला. आमच्या धंद्यात याचं साधं कारण असतं: ढग नजरेच्या रेषेतून बाजूला सरकला. मग, सहजच, नळी नव्या जागी, अण्णांच्या उशाशी नेली.

खाच तिथे होती. आदल्या दिवसापेक्षा खोल.

कुणाला सांगणार? आत्याला सांगावं तर ती देवऋषी बोलावणार. पुण्यात सांगावं तर म्हणतील, आई गेलीय, रजा वाढवून घे. मी अण्णांना म्हटलं, चला, दोन दिवस पुण्याला जाऊ, डॉक्टरांना दाखवून येऊ. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"सुतकात घर सोडून कुठं जातीस? निके, तू दिव्याला भ्यायलीस व्हय?"

मग मी सांगितलं. सगळं नाही. एवढंच, की दिव्यापुढे काहीतरी आहे आणि ते तुमच्याकडे येतंय.

ते घाबरले नाहीत, काका. त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडू फुटलं. "मग येऊ दे की. तुजी आईच असंल. बाजाराला निघाली तरी 'चला की वो' म्हनल्याबिगर उंबरा वलांडला न्हाई तिनं. एकटी कशी जाईल?"

मला ते पाखराचे ठसे आठवले. आई पहिल्याच रात्री गेली होती. आत्याच म्हणाली होती, सुटली. मग इतक्या लांबून, इतक्या वेगाने, आता येत होतं ते कोण? हे मी त्यांना विचारलं नाही. कोणत्या तोंडाने विचारणार?

पुढच्या संध्याकाळी खोलीत वास यायला लागला. जळक्या वातीचा नव्हे. लहानपणी आम्ही गारगोट्या एकमेकींवर घासून नाकाशी धरायचो, तसा वास, कोरडा आणि जुना. खिडक्या बंद होत्या, बाहेर ज्वारीचं पान हलत नव्हतं, आणि ज्योत खाटेकडे कलली होती. आपली कुत्री गोठ्याच्या मागे जाऊन बसली ती भाकरीलाही आली नाही. डोळ्यांनी बघावं तर दिवा नेहमीसारखा तेवत होता. फक्त पेटीत दिसायचं की त्या उजेडातलं किती खाल्लं गेलंय.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी ठरवलं की अण्णांना त्या रेषेतून काढायचंच. आत्याला हाताशी घेऊन त्यांची खाट ओसरीवर नेली, पार त्या टोकाला, मधे ही जाड भिंत येईल अशी. ते कुरकुरले. "आज शेवटचा दिस, आन् आजच मला भाईर काडती." मी म्हटलं, तेल मी घालते, अण्णा, माझी आई नव्हती का ती? त्यांनी घोंगडी अंगावर घेतली आणि दाराकडे तोंड केलं.

दिवेलागणीला लाइट गेली. आत्या मागच्या चुलीवर पिठलं टाकत होती. मी खोलीत त्यांच्या जागी बसले, पाठ दाराकडे, नळी माझ्या छातीशी धरलेली. वाटत होतं, उजेड स्वच्छ येईल. लॅपटॉप उघडला तर पट्ट्याचा जवळजवळ सगळा हिरवा भाग काळा होता.

म्हणजे ते आता माझ्याकडे येत होतं, असं मला वाटलं. पळावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मग मनात आलं, येतंय तर येऊ दे, माझ्यापाशीच अडेल. अण्णांपर्यंत जाणार नाही. मी मांडी घट्ट आवळली आणि बसून राहिले. गारगोट्यांचा वास घशात उतरला. ज्योत माझ्याकडे वाकली, इतकी की पिठाला टेकेल. पट्ट्यातली खाच निळ्याला भिडली. मग जांभळ्याला. मी आईचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि घेतलं नाही.

आणि एकदम उजेड स्वच्छ झाला.

तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग, गुळगुळीत पट्टा. मधे तेवढी पिवळी रेघ. ज्योत सरळ. मला हुंदका आला. मी मोठ्याने म्हटलं, "गेलं... अण्णा, गेलं ते." इतकी वर्षं मी हेच करत आलेय ना. खाच नाहीशी झाली की लिहायचं, वायू रेषेतून बाहेर गेला. दुसरं कारण कधी लिहावंच लागत नाही, कारण आम्ही त्या वाऱ्यापासून अब्जावधी प्रकाशवर्षं लांब असतो. तो आमच्यापर्यंत कधी पोहोचत नाही.

पण खाच दिसते कधी, तर ती वस्तू उजेड आणि बघणारा यांच्या मधे असते तोवरच. बघणाऱ्याला ओलांडून ती पुढे गेली, तरी उजेड असाच स्वच्छ दिसतो.

हे मला कळलं आणि त्याच वेळी माझ्या मागून, अगदी जवळून, अण्णांचा आवाज आला.

"...आलीस?"

ते ओसरीच्या टोकाला नव्हते. दिवा दिसावा म्हणून त्यांनी एकट्याने खाट ओढत दारासमोर आणली होती. माझ्या पाठीमागे, नेमक्या त्याच रेषेत. मी त्यांच्या आड बसले नव्हते, काका. मी वाटेत बसले होते.

"ये... बस." खाट करकरली. ते बाजूला सरकून कुणाला तरी जागा करून देत होते.

मला वळता येईना. मागे शांत होतं. आत्याच्या चुलीतला जाळ तडतडत होता तेवढाच आवाज. मग अण्णा पुन्हा बोलले, हळू, लहान मूल अंधारात बोलतं तसं.

"न्हाई... तू न्हाईस ती."

एवढंच. मी कशी वळले माहीत नाही. अण्णा खाटेच्या एका कडेला अंग चोरून बसले होते, तोंड उघडं, डोळे शेजारच्या रिकाम्या जागेवर. त्या रिकाम्या जागेवरची घोंगडी खाली दबलेली होती. मी बघत असताना ती हळूहळू वर आली, माणूस उठल्यावर गादी येते तशी. आत्या पदराला हात पुशीत बाहेर आली आणि म्हणाली, "दादा कुनाशी बोलत हुता गं?" मग तिने त्यांना पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. लोक म्हणाले, रतनबाईने नेला. मी कुणालाच काही म्हटलं नाही.

त्यांच्यासाठी नवा दिवा लावला, हाच, तुम्ही मघाशी ज्याच्यासमोर बसला होतात तो. त्यांचा जीव ओसरीवर गेला, पण आत्या म्हणाली, दिवा वयनीच्या जागेलाच ठेवू, जोड्याने राहू द्या. पीठ पसरलं, दार ओढलं. सकाळी पिठावर काहीही नव्हतं. ना पाखराचा पाय, ना गाईचं खूर, ना फूल. आत्याने माझ्या देखत त्यावर बोटाने फुलाची पाकळी काढली आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, फूल उमटलंय. मी तिला बोलले नाही. तिनेही माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसापासून ती या खोलीत येत नाही.

संध्याकाळी मी पेटी लावली. हो, लावली. ज्याला उभा जन्म तेच करायची सवय आहे तो दुसरं काय करणार? पट्ट्यात दोन खाचा होत्या. शेजारी शेजारी, एकाच मापाने सरकलेल्या. दोघं एकाच वेगाने येत होते. एक खाच जुनी, ओळखीची. दुसरी बारीक होती, थोडी थरथरणारी, दम लागलेल्या माणसासारखी. मी जागा बदलली, त्यांनी रेषा बदलली. मी गोठ्यात झोपले, तिथे खिडकीतून दिव्याचा ठिपका दिसतो, तिथेही त्या दोन्ही खाचा होत्या. दिवा विझवावा असं रोज मनात येतं, काका. पण तो अण्णांचा दिवा आहे. आणि विझवल्यावर ते कुठे असतील हे मला कोणत्या उजेडात दिसणार?

काल संध्याकाळी सगळा हिरवा रंग गेला होता. आज तुम्ही यायच्या जरा आधी, इथेच बसून, मी नळी धरली. म्हणून तर तुम्हाला रेषेतून उठवलं, उगाच कुणाच्या जिवाशी खेळ नको.

उजेड स्वच्छ होता. सलग, गुळगुळीत.

तेव्हापासून मी अशी भिंतीला पाठ लावून बसलेय. मुद्दाम हीच जागा निवडली, माझ्या मागे ना दार आहे ना खाट. नुसती भिंत आहे.

मग काका, मघापासून मी बोलतेय आणि तुमची नजर सारखी माझ्या खांद्यावरून मागे जातेय. जाऊ द्या. एक आहे, की दोन, ते मला सांगू नका.